पाल्याचं पोतं

आमच्या प्रताप नगरच्या घरात दिवेलागण झाली की आई धूर फिरवायची. चुलीतले निखारे लोखंडी घमेल्यात काढायचे, त्यावर कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि तो भसकन पेटू नये म्हणून वर मूठभर ओला पाला. मग नाकाला पदर लावून ती ते घमेलं दोन्ही खोल्यांतून, न्हाणीतून, गोधड्यांच्या थप्पीमागून फिरवायची. दारं-खिडक्या लावून घ्यायची, म्हणजे धूर वाया जायला नको. बाबा बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून मोठ्याने त्रिशरण म्हणत असायचे आणि मधेच त्यांना ठसका लागायचा. आम्ही दोघी बहिणी डोळे पुसत हसायचो. धुराने डास पळतात, हवा साफ होते, रोगराई येत नाही, असं आई म्हणायची आणि तिची आईही तसंच म्हणत आली होती. अख्ख्या आळीत हेच चालायचं. कडुनिंबाइतकं गुणाचं झाड नाही, मग त्याचा धूर वाईट कसा असेल? पुढे मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, पण त्या वयात कोणी विचारलं असतं तर मीही छातीठोकपणे हेच सांगितलं असतं.

बाबा वीज मंडळात लाइनमन होते. दिवसभर खांबावर चढायचे आणि घरी आल्यावर जमीन खणायचे. आमची जागा निव्वळ मुरमाड, कुदळ मारली की ठिणगी उडायची. तेव्हा तिकडे घरं विरळ, मधे मोकळे प्लॉट आणि उन्हाळ्यात अंगावर येणारी लाल धूळ. अशा जमिनीत बाबांनी कडुनिंब लावले, करंज लावला, कुंपणाला मेंदी लावली. गुलाब नाही, हिरवळ नाही. जे पाण्यावाचून तग धरेल तेच आपलं, असं त्यांचं म्हणणं. हे म्हणणं माणसांनाही लागू आहे असं त्यांना वाटत असावं, कारण लाड हा शब्द त्यांच्या जिभेवर कधी आला नाही. झाडं मात्र अशी फोफावली की फाल्गुनात पानगळ सुरू झाली की स्वयंपाकघराच्या टिनावर दिवसभर पाला सरसरत राहायचा. वाऱ्याची झुळूक आली की आवाज वाढायचा, आणि भाकरी थापता थापता आई म्हणायची, "पडा बाप्पा पडा, संध्याकाळचं जळण झालं."

धाकटी सुजाता माझ्या पाठची. अंगाने काटकुळी आणि तोंडाने अशी की दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जाईल. समोरच्या खापरेकाकूंची चाल, विहारात वंदना सांगणाऱ्या गुरुजींचा घोगरा आवाज, बाबांचा ठसका, सगळ्यांच्या नकला ती करायची. बाबा गंभीर चेहऱ्याने बघत राहायचे आणि मग उठून बाहेर जाऊन हसून यायचे. तिला दमा होता. थंडी पडली की तिच्या छातीत बारीक शिट्टी वाजू लागायची. मी तिच्याशेजारी झोपायची, त्यामुळे ती शिट्टी मला घड्याळाच्या टिकटिकीइतकी सवयीची झाली होती. तिला काय द्यायचं नाही याचे नियम घरात फार होते. संत्रं थंड म्हणून नाही, ताक नाही, अंबाडीची भाजी आंबट म्हणून नाही. आम्ही गोळाभातावर चिंचेचं सार ओतून घ्यायचो आणि ती नुसता गोळाभात तेल घालून खायची. संत्र्याची साल मात्र हातात घेऊन हुंगत बसायची. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, इंजेक्शनं होती. आणि शिट्टी वाढली की आई संध्याकाळी ते धुराचं घमेलं सुजाताच्या खाटेखाली नेऊन ठेवायची. कडू धुराने छातीतला कफ सुटतो म्हणून. तिच्या वाट्याला सगळ्यांपेक्षा जास्त धूर यावा, ही आईची माया होती.

एका उन्हाळ्यात सुजाताला मामाकडे पाठवलं. मामाचं गाव सावनेरच्या अलीकडे. थोडी कपाशी, थोडी वांगी आणि नव्याने लावलेली संत्र्याची कलमं. बाबांचा विरोध होता, तिकडे कोळशाच्या खाणी, हवेत भुकटी, पोरगी आणखी बिघडेल म्हणून. पण मामा घ्यायलाच आला. मामाकडे पाला कोणी जाळायचं नाही, कारण जाळायला तो उरायचाच नाही. विहिरीने तळ गाठलेला, मोटेने पाणी काढता काढता खांदे जायचे, म्हणून मामा मिळेल तेवढा पाला कलमांच्या आळ्यात अंथरायचा. ओल टिकायची, तेवढीच पाणी देण्याची एक खेप वाचायची. चूल मांडवात उघड्यावर आणि झोपायचं अंगणात, आभाळाखाली. सुजाता तिथे चिंचेवर चढली, उतरताना पडली, गुडघे फोडून घेतले आणि मामीकडून चोरून ताक प्यायली. परत आली ती गाल भरून. बाबांनी तिच्याकडे बघून आईला विचारलं, "आपलीच आहे नं हे?"

त्याच संध्याकाळी आईने घमेलं भरलं. पोरगी प्रवासाची थकून आलेली, म्हणून पाला जरा जास्तच घातला आणि खाटेखाली सारला. थोड्या वेळाने सुजाता उठून बसली. खोकला थांबेना. डोळे लाल झाले, मानेच्या शिरा ताणल्या, आणि महिनाभर गायब झालेली ती शिट्टी मला माझ्या जागेवरून ऐकू आली. श्वास मिळाल्यावर ती आईवर ओरडली, "मामीकडे धूर नव्हता, आई! मले तिथं काहीच झालं नाही. तू काहून धूर करते मग?"

"तुझ्यासाठीच तं करतो वं," आई म्हणाली.

हे बोलली आणि तशीच उभी राहिली. मला तिचा चेहरा दिसत होता. एखादी गोष्ट कळायला किती वेळ लागतो ते मी त्या दिवशी पाहिलं. तिने खाटेखालून घमेलं ओढलं, हाताला चटका बसला तरी सोडलं नाही, अंगणात नेऊन पालथं केलं आणि त्यावर बादलीभर पाणी ओतलं. मग सगळी दारं-खिडक्या उघडल्या. स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "इतके वर्षं मीच तिच्या छातीत धूर भरून राहिली होती." बाबा म्हणाले, कोणाले काय माहीत होतं वं. ते खरं होतं, पण आईला त्याचा काही उपयोग झाला नाही.

त्यानंतर आमच्या घरात काडीकचरासुद्धा जळला नाही. डासांसाठी जाळीच्या मच्छरदाण्या आल्या. पावसाळाभर गळलेली पानं आई झाडांच्या बुंध्याशी सारत गेली, मामासारखी. न्हाणीचं पाणी आधी गल्लीत वाहत जायचं, ते तिने चर काढून कर्दळीच्या आणि अळूच्या वाफ्याकडे वळवलं. आधी पाऊस आला की अंगणातला मुरूम वाहून आमच्या विहिरीत जायचा आणि पाणी चहासारखं व्हायचं. आता पाल्याखालची माती पाणी पिऊ लागली. दिवाळीच्या सुमाराला सुजाताने वाफ्यात बोट खुपसलं आणि ते नखापर्यंत आत गेलं, तेव्हा तिने सगळ्यांना बोलावून दाखवलं. मुरमाच्या जागी काळी माती होती. हल्ली या सगळ्याला मोठमोठी नावं आहेत. मी मनीषनगरला मुलाकडे राहते, तिथल्या सोसायटीत एक तरुण मुलगा तक्ते दाखवून समजावून सांगत होता की जमीन उघडी ठेवू नये, पाला जाळू नये, देशी झाडं लावावीत, म्हणजे हवाही सुधारते आणि पाणीही मुरतं. छान सांगत होता. मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं आणि मधेच उठून घरी आले. सून म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, पाय आखडले.

हिवाळा सुजाताचा बरा गेला. शिट्टी वाजायची, पण हळू. मग फाल्गुन आला. आमचा पाला आमच्या अंगणात राहिला, पण गल्लीत घरागणिक झाडं होती. खापरेकाकूंचा बदाम, पलीकडचे शिरीष, कोपऱ्यावरच्या नव्या बंगल्यातला पिंपळ. सकाळी सडा व्हायच्या आधी बायका दारापुढचं झाडून ढीग करायच्या आणि काडी लावायच्या. वारा नसला की धूर गुडघ्याइतक्या उंचीवर पसरायचा आणि वर जायचाच नाही. आईने फटींमध्ये चिंध्या कोंबल्या, ओल्या चादरी टांगल्या. सुजाताची शिट्टी मोठी झाली. शेवटी आई खापरेकाकूंकडे गेली आणि म्हणाली, बाई, पाला जाळू नका, माझ्या पोरीले सोसत नाही. काकू वाईट नव्हत्या, पण पटकन बोलून जायच्या. म्हणाल्या, "मग ठेवू कुठं? तू नेतेस का डोक्यावर?"

"द्या," आई म्हणाली. "मीच नेईन."

आणि ती न्यायला लागली. बाबा कामावर गेले की पोतं घेऊन दारोदार जायची, पाला द्या म्हणायची, भरलेलं पोतं डोक्यावर घेऊन यायची. मी सोबत जायची. अंगणातले थर वाढत गेले. बाबांना आपल्याच झाडांचा पाला एवढा कसा, असा प्रश्न पडला असेल, पण त्यांनी विचारलं नाही. गल्लीतल्या बहुतेक बायका हसून द्यायच्या. कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या बाई नवीन राहायला आलेल्या. त्यांना वाटलं ही कचरा उचलणारी. त्यांनी पाला दिला, वर नालीतला गाळही घेऊन जा म्हणाल्या, आणि आत जाऊन रात्रीच्या दोन पोळ्या आणल्या. हाताला हात लागू नये अशा बेताने वरून सोडल्या. आईने त्या पदरात झेलल्या. फाटकाबाहेर आल्यावर पोतं खाली ठेवून पाल्यात खुपसल्या. मी म्हटलं, फेकून दे नं. ती म्हणाली, "गल्लीत कोनी पाहीन."

त्या दिवशी बाबा लवकर सुटले. कोपऱ्यावर आम्ही त्यांना समोरच दिसलो. ते सायकलवरून उतरले, आईकडे बघितलं आणि आधी तिच्या डोक्यावरचं पोतं उतरवून घेतलं, मान दुखेल म्हणून. सायकलच्या कॅरियरवर टाकून घरी आणलं. रागावले नव्हते. आईने सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. "मले काहून नाही सांगितलं?" एवढंच म्हणाले आणि वाफ्यात पोतं रिकामं केलं. पाल्यातून पोळ्या बाहेर पडल्या.

बाबांनी त्या उचलल्या नाहीत. "हे कोणी देलं?" आईने बंगल्याकडे हात केला. मग ते बोलू लागले. आवाज चढला नव्हता, उलट इतका खाली गेला होता की मला पुढे सरकावं लागलं. ते म्हणाले, माझी माय गावात दारोदार भाकर मागत फिरे. लोकं वरून टाकत, ती पदरात झेले, मी तिच्या लुगड्याचा काठ धरून चालो. दीक्षाभूमीवर मी हात वर केला तेव्हा मनात एकच होतं, का आता माझ्या घरची बाई कोणाचं उष्टं झेलणार नाही आणि कोणाचा कचरा डोक्यावर घेणार नाही. "आन तू हे घरात आनलं."

"मी भाकर नाही मागितली," आई म्हणाली. "मी पाला मागितला. पोरीचा जीव जाऊन राहिला."

"पोरीसाठी दवाखाना आहे. डॉक्टर आहे. मी अजून जित्ता आहे. पन उद्यापासून हे पोतं तुह्या डोक्यावर दिसलं नाही पाह्यजे."

सुजाता दारात उभी होती. तिने बाबांची नक्कल केली नाही. मी आजवर या भांडणात दोघांपैकी कोणाची बाजू घ्यावी हे ठरवू शकलेले नाही. कधी बाबांचा इतका संताप येतो की भिंतीवरच्या त्यांच्या फोटोशी मी भांडते. मग आपल्या मायच्या लुगड्याचा काठ धरून चालणारा मुलगा आठवतो आणि मी गप्प होते.

आई पोतं घेऊन पुन्हा गेली नाही. गल्लीत पुन्हा ढीग पेटू लागले. एका सकाळी वारा अजिबात नव्हता. मी सुजाताच्या वेण्या घालत होते, एका वेणीला रिबन बांधून झाली होती. ती म्हणाली, ताई, थांब जरा. आणि पुढे वाकून दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. तिला तसं बसायची सवय होती, म्हणून मी रिबन दाताखाली धरून थांबले. तिची मान वर झाली नाही. बाबांनी तिला उचललं, सायकलरिक्षा बोलावली, आईने तिचं डोकं मांडीवर घेतलं. गल्ली धुराने पांढरी झाली होती, रिक्षावाला खोकत पायडल मारत होता. दवाखान्याच्या वाटेतच ती गेली. डॉक्टर म्हणाले, दम्याचा जोराचा झटका. झटका धुरानेच आला का, गल्लीतला पाला आमच्या अंगणात येत राहिला असता तर ती वाचली असती का, हे कोणी सांगू शकत नाही. विज्ञान शिकवलेल्या बाईला एवढं कळतं. आईला ते सांगून बघितलं होतं. तिने मला पुन्हा सांगू नकोस म्हटलं.

त्या वर्षी आमच्या घरात आवाज राहिला नाही. आई बाबांना ताट वाढायची, विचारलं तर उत्तर द्यायची, स्वतःहून काही बोलायची नाही. बाबांनी खांबावरून उतरल्यावर जमीन खणणं सोडून दिलं. वाफ्यातला पाला कुजून गेला आणि खाली पुन्हा मुरूम दिसू लागला. विहारात गुरुजींनी अनित्यतेबद्दल सांगितलं. आई शांतपणे ऐकत होती आणि घरी येताना मला म्हणाली, "त्याहिले म्हना, आपली पोरगी गमावून पाहा." आईच्या तोंडून असं बोलणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. मी मॅट्रिकचा अभ्यास टिनाखाली बसून करायची आणि पाल्याची सरसर सुरू झाली की कानात बोटं घालायची.

पुढच्या फाल्गुनातल्या एका रविवारी बाबांनी कामावरची खाकी चढवली. मला वाटलं ड्युटी लागली असेल. त्यांनी खुंटीवरचं पोतं काढलं आणि मला म्हणाले, चाल. सायकल घेतली नाही. आम्ही थेट कोपऱ्यावरच्या बंगल्यापाशी गेलो. पिंपळाखाली ढीग करून ठेवलेला, काडी लागायची बाकी. बाबांनी फाटक वाजवलं. बाई बाहेर आल्या.

"बाई, पाला द्या," बाबा म्हणाले.

त्यांनी बाबांच्या खाकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ओळखलं की नाही, मला माहीत नाही. घेऊन जा म्हणाल्या आणि सवयीने आत वळल्या. काय आणायला वळल्या ते मला कळलं, आणि बाबांनाही कळलं. "बाई," त्यांनी हाक मारली आणि हात जोडले. "पोळी नका आनू. पाला देत जा, रोज येईन न्यायले. पन जाळू नका." मी आयुष्यात त्यांना कोणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं. मग खाली बसून त्यांनी दोन्ही हातांनी पोतं भरलं, मला हात लावू दिला नाही, आणि उचलून डोक्यावर घेतलं. रविवारची सकाळ, गल्ली माणसांनी भरलेली. बाबा मधून चालत आले.

आई अंगणात धुणं वाळत घालत होती. बाबांनी पोतं तिच्यापुढे उतरवलं. तिने त्याच्याकडे बघितलं आणि हातातला पिळा बादलीत टाकला.

"आता कोनासाठी?" ती म्हणाली. "मी आनत होती तवा नाही म्हनलं. आता घरात कोनाचा दम अडून राहिला?"

बाबांच्या केसांत, खांद्यावर पिंपळाच्या पानांचा चुरा होता. समोरच्या घरातून रडण्याचा आवाज येत होता. खापरेकाकूंच्या सुनेला आठवड्यापूर्वी मुलगी झाली होती.

"त्या लेकराले तं श्वास घ्या लागते नं वं," बाबा म्हणाले.

आईने समोरच्या दाराकडे बघितलं. मग खाली बसली आणि पोत्याची एक बाजू धरली. बाबांनी दुसरी धरली. दोघांनी मिळून तो पाला उघड्या मुरमावर ओतला आणि हातांनी सारखा करू लागले. आई मोठ्याने रडत होती, आणि बाबा तिच्या शेजारी बसून पानं पसरत राहिले.